परमुलखातलं रडणं

आमच्या घरात मोहाची फुलं शिजत असली की त्या गोडसर, उग्र वासावरून मला कळायचं, ज्वारी संपली. चैताच्या महिन्यात याडी, म्हणजे माझी आई, पहाटे रानात जाऊन ती फुलं वेचून आणायची, खळ्यावर वाळवायची आणि मडक्यात भरून ठेवायची. पुढे श्रावणात कणगी रिकामी झाली की ती फुलं उकडून, मूठभर तीळ कुटून घालून लाडू वळायची आणि आम्हा पोरांना सांगायची, आज सण आहे. एका आठवड्यात इतके सण कसे येतात, असं मी एकदा विचारलं. बा भिंतीकडे तोंड करून बसला होता, तो हसला नाही. ती भिंत पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांची, वरून मातीनं लिंपलेली. फुलसावंगीच्या वर डोंगराला चिकटून आमचा तांडा होता आणि त्याच्या टोकाला आमचं घर. शेत होतं, पण बरड. नांगर लागला की दगड वर यायचे, आणि बा म्हणायचा, "हे पीक मातर दरसाल येते."

घराच्या मधल्या खांबाला माझ्या आज्याच्या बैलांच्या घंटा टांगलेल्या होत्या. आमची माणसं पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरायची. आज्यानं ते केलं, बापानं लहानपणी शेवटचं पाहिलं, आणि मी फक्त घंटा पाहिल्या. वारा सुटला की त्या हलायच्या आणि याडी चुलीपाशी बसून म्हणायची, "बैल आले वाट्टे." आमच्या घरातला हा एकच विनोद होता आणि तो रोज चालायचा.

आणखी एक आवाज सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. माझी फुफी, म्हणजे आत्या, लांबच्या तांड्यात दिलेली होती. वर्षा-दोन वर्षांनी ती यायची. आली की अंगणातच बाच्या गळ्यात पडायची आणि मोठ्यानं, सुरात रडायला लागायची. या रडण्यात सगळं असायचं. घरी कोण मेलं, कोण जन्मलं, कोणता बैल विकला, सासू कशी वागली, माहेरची आठवण कोणत्या ओढ्यावर आली. बा खाली बसायचा, तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. रडणं संपलं की फुफी नाक पुसायची आणि लगेच हसत विचारायची, "खायले काय केलं?" आमच्यात लेकीबाळी अशाच भेटतात. ते रडणं मधेच तोडायचं नसतं. भावानं तोडलं तर त्याचा अर्थ एवढाच की बाई, तुझं माहेर मेलं.

घरात आम्ही गोरबोली बोलतो. आम्ही गोर, आणि जे गोर नाहीत ते कोर. शिवी नाही ती, पण कौतुकही नाही. इथे मी आमची बोलणी वऱ्हाडीत लिहितो आहे, नाहीतर वाचणारे कोर लोक अडकून पडतील.

मी यवतमाळच्या कॉलेजात कसा पोचलो ती वेगळी रामकहाणी आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा आमचे इतिहासाचे परांजपे सर म्हणाले, शनिवार-रविवार धरून हैदराबादची सहल काढू. मला बाजूला घेऊन त्यांनी खरी गोष्ट सांगितली. तिथल्या विद्यापीठात त्यांचे एक जुने स्नेही होते, इतिहासाचे मोठे डॉक्टर. त्यांनी मनावर घेतलं तर एका मुलाला एम.ए.ला प्रवेश आणि वसतिगृहात राहण्याजेवणाची सोय फुकट मिळणार होती. "तू किंवा सुधाकर," सर म्हणाले. "मार्क तुझे जास्त आहेत. फक्त तिथे नीट वाग." सुधाकर म्हणजे यवतमाळच्या कापूस-दलालाचा मुलगा. त्याला ती जागा मिळाली नसती तर त्याचा बाप त्याला पुण्याला पाठवणार होता. मला मिळाली नसती तर मी बरडावर दगड वेचायला परत जाणार होतो.

आमच्याकडे परमुलखात जायचं तर तांड्याच्या नायकाला विचारावं लागे. तुम्ही म्हणाल हैदराबाद कसला परमुलूख. आमच्यासाठी होता. पैनगंगा ओलांडली की निजामाचं राज्य, तिथला शिक्का वेगळा, शिपायाचा डगला वेगळा. नदीपलीकडच्या नाक्यावर आज्याच्या गोण्यांत लोखंडी सळया खुपसून झडती व्हायची, हे मी शंभरदा ऐकलेलं. आता निजाम गेला होता, राज्यांची नवी वाटणी होऊन हैदराबाद आंध्रात पडलं होतं, पण बाच्या डोक्यात तो नाका अजून तसाच उभा होता. नायकानं बाजेवर बसून चिलीम झाडली. मग म्हणाला, "जाय. पन आपलं मानूस भेटलं तं डोये फिरवू नको."

"तिथं कोन भेटते नायक, एवढ्या मोठ्या गावात?"

"आपलं मानूस कुठं नाही बे? रस्ता जिथं बनून राह्यला, तिथं आपलं मानूस हायेच."

याडीनं कोथळी भरून दिली. कोथळी म्हणजे भरतकामाची पिशवी. तिच्यावर आरसे, कवड्या, लाल-पिवळा दोरा, आणि कडेला याडीची स्वतःची अशी एक तिरपी वेल, जी मी दुसऱ्या कोणाच्या हातची पाहिली नाही. आत ज्वारीची कडक बाटी आणि लाल मिरचीचा ठेचा. बसमध्ये सुधाकरनं ती पाहिली आणि ओरडला, "काहून बे धनसिंग, वरात कुठं चालली?" सगळे हसले. मी म्हटलं, "तुह्या लग्नाले नाचाले चाललो. घोडी तूच हायेस." मग जरा कमी हसले. नांदेडपर्यंत बस आणि तिथून रेल्वे. पोरांनी घरून आणलेल्या पुऱ्या नांदेडपर्यंतच संपवल्या आणि पुढे माझ्याच कोथळीतली बाटी मागून खाल्ली, सुधाकरनंसुद्धा.

काचीगुड्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळ होती. आता हैदराबादबद्दल लिहितो. माझी नात तिथे संगणकाच्या कंपनीत आहे. तिनं मला बजावलं आहे, "आजोबा, उगाच नावं ठेवू नका." मी ठेवणार आहे. तिचं हैदराबाद वेगळं असेल. मी पाहिलेलं सांगतो.

पहिली गोष्ट, त्या गावाला स्वतःचा फार अभिमान होता आणि तो कशाचा हे मला दोन दिवसांत कळलं नाही. चारमिनारपाशी सर भारावून बोलत होते, पोरं माना वर करून उभी होती. मी पाहिलं तर चार मनोरे, त्यांवर चुना, चुन्यावर कबुतरांची घाण, आणि खाली भिकाऱ्यांची रांग. माझ्या मनात आलं, एवढा चुना आमच्या तांड्यावर आला असता तर सगळी घरं पांढरी झाली असती. मग मोत्यांचा बाजार. समुद्र शेकडो कोस लांब आणि मोत्यांचं शहर म्हणे! दुकानदार गादीवर लोळत होता. सुधाकरला "आइए हुज़ूर, तशरीफ़ रखिए" म्हणाला आणि माझ्या चपलेकडे बघून गप्प राहिला. रिक्षावाले, पानवाले, सगळे एकमेकांना वाकून सलाम करत होते आणि वाकून झाल्यावर मागून शिव्या देत होते. त्यांची ती नाजूक उर्दू वरच्या लोकांपुरती. रस्त्यावर सगळे "नक्को, नक्को" करत होते. तो आमचाच नको, एक क जास्त लावून गाव त्याच्यावर ऐटीत जगत होतं.

मग एका नवाबाचा संग्रह पाहिला. खोल्यांमागून खोल्या. आरसे, तलवारी, चिनी भांडी, आणि चमचे. एका माणसाला इतके चमचे कशाला लागतात, असं मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "ही अभिरुची असते, धनसिंग." एका दालनात मोठं घड्याळ होतं. तास झाला की त्यातून एक बाहुला बाहेर येऊन टोले मारायचा, आणि ते पाहायला मोठी मोठी माणसं, वकील, डॉक्टर, बायकामुलांसह बाकांवर दाटीनं बसून राहिली होती. बाहुला आला, टोले मारून आत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या बाहुल्याकडे न पाहता लोकांकडे पाहत होतो, आणि मला माझ्या तांड्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

खोटं बोलत नाही, चहा चांगला होता. इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलावर, दुधाची साय तरंगणारा, जाड कपात. त्यासोबतची बिस्किटं खारट की गोड हे ठरवेपर्यंत संपायची. आणि रविवारी सकाळी विद्यापीठ पाहिलं तेव्हा मी खरोखर थांबलो. गुलाबी-करड्या दगडाची ती प्रचंड कमान, पायऱ्या, आणि आत वाचायची खोली, जिथे पंख्याखाली पोरं आपापल्या पुस्तकांत डोकी घालून बसली होती. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. इथे दोन वर्षं बसायला मिळालं तर मी या गावाला सगळं माफ करीन, असं मी मनाशी ठरवलं. त्या खोलीसाठी मी काहीही करायला तयार होतो, हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

डॉक्टरसाहेब पायऱ्यांवरच भेटले. पांढरी शेरवानी, हातात छडी, मागे चपराशी. त्यांनी सुधाकरला दोन प्रश्न विचारले, त्यानं घाम पुसला. मग मला विचारलं, दख्खनच्या फौजांना रसद कशी पोचायची? मला हसू आलं. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी घंटांखाली बसून ऐकलं होतं. मी बोलत गेलो, कुठले घाट, कुठले उतार, पावसाळ्यात वाट का बदलते, मीठ भिजू नये म्हणून गोणी कशी शिवायची. डॉक्टरसाहेबांनी छडी बगलेत घेतली. "बहुत ख़ूब! परांजपे, लड़का हीरा है. क्या नाम बताया? राठोड? राजपूत ख़ून है, तभी!"

मी म्हटलं, "राजपूत नहीं साहब. बंजारा हूं."

ते मोकळेपणानं हसले. त्यांना ती थट्टा वाटली. समोर विद्यापीठाची नवी इमारत बांधत होते आणि बायका डोक्यावर घमेली घेऊन चढउतार करत होत्या. आरशांचे घागरे, कोपरापर्यंत हाडाच्या बांगड्या, केसांत चांदीचे झुबके, सगळ्यावर सिमेंटची धूळ. साहेबांनी तिकडे छडी दाखवली. "बंजारे तो वो हैं, बेटा."

मी वळून पाहिलं. त्यांतली एक बाई घमेलं घेऊन थबकली होती आणि माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरच्या कोथळीकडे पाहत होती. ती तशीच चालत जवळ आली. आमच्या बोलीत तिनं विचारलं, "गोर छी कांई?" गोर आहेस का?

"छूं," मी म्हटलं.

"कोन जात? कोन्ता तांडा?"

"राठोड. पैनगंगेच्या तिकडचा. फुलसावंगीच्या डोंगरावरचा."

तिनं घमेलं खाली ठेवलं नाही, ते पडलंच. "मी बी राठोडाची लेक," ती म्हणाली. आमच्यात एका जातीचे, म्हणजे एका कुळाचे, सगळे भाऊबहीणच. "उमरखेडच्या जंगलातली. मले इकडं देलं तवापासून माहेरचं कुत्रं नाही दिसलं रे." आणि माझ्या गळ्यात पडून तिनं सूर लावला.

ज्यानं ते कधी ऐकलं नाही त्याला वाटावं की खून झाला. वाचनखोलीच्या खिडक्या उघडल्या. पोरं बाहेर आली. पहारेकरी दांडकं घेऊन धावला आणि त्यानं माझीच कॉलर धरली, "क्या चुराया रे औरत का?" काही हरवलं की पोलीस आधी आमच्या तांड्यावर यायचे, तेव्हा हा प्रश्न मला नवा नव्हता. फक्त तो विद्यापीठाच्या पायऱ्यांवर विचारला जाईल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरसाहेब दोन पायऱ्या मागे सरकले आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला. "हटाओ इसको यहां से! कौन है ये?"

परांजपे सर माझ्या कानाशी आले. भला माणूस, घाबरला होता. "धनसिंग, सोडव स्वतःला. म्हण, मी ओळखत नाही हिला. वेडी आहे म्हण. एवढंच म्हण, जागा तुझी आहे."

आणि खरंच होतं ते. मी तिला ओळखत नव्हतो. तिचं नाव मला माहीत नव्हतं. ती वाचायची खोली माझ्या पाठीशी होती, पंख्यांचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. एका वाक्याचं काम होतं.

मी पायरीवर खाली बसलो. तीही माझ्यासोबत बसली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, केसांत सिमेंट होतं, आणि पहारेकऱ्याला म्हटलं, "मेरी बहन है. पूरा रोने दो."

ती रडत गेली. आपल्या बापाचं नाव घेतलं, भावांची घेतली. ते जिवंत आहेत की नाही ते पैनगंगे तूच सांग म्हणाली. रस्त्याच्या कामावर आणलं, एका रस्त्यावरून दुसऱ्यावर नेलं, एक पोर कुठल्याशा पुलाखाली पुरलं, त्या पुलावरून आता मोटारी जातात म्हणाली. माहेरच्या बोरीला अजून बोरं लागतात का, असं तिनं मला सुरातच विचारलं. अशा वेळी उत्तर द्यायचं नसतं, तरी मी मान हलवली. भोवती शिकलेल्या माणसांचं रिंगण होतं. कोणी हसत होते, कोणी एकमेकांना कोपरानं ढोसत होते. काल बाहुल्याचे टोले ऐकायला ताटकळणारं हेच गाव. मी त्यांच्याकडे पाहून घेतलं आणि त्या दिवसापासून अशा माणसांबद्दल माझ्या मनात जे बसलं ते अजून उठलेलं नाही.

मग ती थांबली. एकदम, फुफी थांबायची तशीच. ओढणीला नाक पुसलं आणि माझा दंड चाचपून म्हणाली, "एवढा वाळला काहून रे? खायले देत नाहीत का तुले?" तिचं नाव सोनकी. ती गवंड्यांच्या माठातून लोटाभर पाणी घेऊन आली. मी प्यालो. मग तिनं लोटा सुधाकरपुढे केला. तो म्हणाला, "मले तहान नाही." सरांपुढे केला. सरांनी क्षणभर लोट्याकडे पाहिलं, क्षणभर डॉक्टरसाहेबांकडे, आणि घटाघट प्यायले. परांजपे सरांना मी पुढे आयुष्यभर मानत आलो ते त्या लोट्यापायी. कानात जे बोलले ते मी सोडून दिलं.

सोनकीनं साहेबांनाही सोडलं नाही. तिकडच्या हिंदीत म्हणाली, "साब, मेरा भाई है. इसकू अच्छा खाना देव." मुकादम लांबून ओरडत होता. मी कोथळी काढून तिला दिली. आत एक बाटी उरली होती. तिनं पिशवी नाकाशी धरली, ती तिरपी वेल बोटानं चाचपली आणि घमेलं उचलून गेली. वळून पाहिलं नाही. तेही आमच्यात पाहत नाहीत.

डॉक्टरसाहेब माझ्याशी बोललेच नाहीत. सरांना म्हणाले, "परांजपे, हमारे होस्टल में शरीफ़ घरों के लड़के रहते हैं. आप समझते हैं." सर समजले. मलाही समजलं. मी म्हटलं, "साहब, हम सुबह से खड़े हैं. आपने पानी नहीं पूछा. जिसने पूछा वो शरीफ़ घर की है." चपराशी खाली मान घालून हसला, ते मी पाहिलं. जागा सुधाकरला मिळाली. तो पुढे तिथे गेला आणि दिवाळीला परत आला तो आलाच. म्हणे तिथलं पाणी मानवत नाही.

परतीच्या गाडीत कोणी माझी थट्टा केली नाही. त्याचा मला राग आला.

घरी पोचलो तेव्हा याडीनं आधी कोथळी विचारली. सांगितलं. तिनं पेटीतून लाल कापड काढलं आणि दुसरी भरायला घेतली. बा खांबाला टेकून बसला होता. जागा गेली, एम.ए. गेलं, हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मला वाटलं आता म्हणेल, मग काय बरड हायेच. तो एवढंच म्हणाला, "पुरी रडू देली ना तिले?"

"देली."

"कोनी मंधात तोडलं नाही?"

"नाही."

"मंग झालं," बा म्हणाला आणि उठून बैलाला पाणी दाखवायला गेला.

त्या उन्हाळ्यात मी बी.ए. झालो, दुसऱ्या वर्गात. आमच्या तांड्यातला पहिला. एम.ए. पुढे पुसदला मास्तरकी करता करता, बाहेरून परीक्षा देऊन झालो.